मांडी घालायचं मशीन

(विलेपार्ले पूर्व, १९८६. दुसऱ्या मजल्यावरचं घर, दुपार. बाहेरच्या खोलीत रुखवत अर्धं मांडलेलं. त्याच्या शेजारी एका लोखंडी मशीनवर नंदकुमार बसलेले, दोन्ही पाय दोन दांड्यांना पट्ट्यांनी बांधलेले. त्यांची बायको पद्मजा नुकतीच बाहेरून आली आहे.)

पद्मजा : बेल वाजवून वाजवून बोट दुखलं माझं. शेवटी नारळांची पिशवी खाली ठेवून पर्समधून किल्ली काढली. घरात माणूस असून ही तऱ्हा.

नंदकुमार : माणूस आहे. फक्त उठू शकत नाही.

पद्मजा : का?

नंदकुमार : अगं, समोर दिसतंय ना.

पद्मजा : समोर काय दिसतंय तेच मला कळत नाहीये. मुलीचं लग्न गुरुवारवर आलंय आणि माझा नवरा रुखवताच्या शेजारी पाय फाकवून, लोखंडाला बांधून घेऊन बसलाय. हे आहे काय?

नंदकुमार : पाय ताणायचं मशीन. नीलाच्या कराटे क्लासमधलं. अंबादास सरांकडून तात्पुरतं मागून आणलं. रिक्षात उभं करून आणावं लागलं.

पद्मजा : आणि कशासाठी?

नंदकुमार : ते सावकाश सांगतो. तूर्त एवढंच कर. पुढे ते दातेरी चाक आहे ना, त्याच्यावर एक खटका बसलाय. तो निघत नाहीये. त्यामुळे पाय जवळ येत नाहीत.

पद्मजा : कधीपासून?

नंदकुमार : रेडिओवर दुपारच्या बातम्या चालू होत्या तेव्हापासून.

पद्मजा : म्हणून हा रेडिओ असा एकटाच बोंबलतोय. मला वाटलं ऐकताय.

नंदकुमार : बंद करायला उठता आलं असतं तर आधी दारच उघडलं असतं.

पद्मजा : मग गॅलरीतून कुणाला हाक मारायची. शेजारी काय मेलेत सगळे?

नंदकुमार : जयंतीवहिनी डोकावून गेल्या. विचारत होत्या, हे पण रुखवतात मांडायचंय का.

पद्मजा : मग?

नंदकुमार : मी हो म्हटलं.

पद्मजा : हो म्हटलंत?

नंदकुमार : दुसरं काय म्हणणार? अडकलोय म्हणून सांगायचं परक्या बाईला?

पद्मजा : छान. म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळेल की आम्ही मुलीला रुखवतात पापडाचं मशीन नाही, हे देतोय. आणि ऑफिसची पँट घालून बसलात? शिवण उसवली बघा इथे.

नंदकुमार : पद्मे, पँटीचं नंतर बघू. ते हँडल धर.

पद्मजा : कुठलं? हे?

नंदकुमार : हो. आता हळूच उजवीकडे. उजवीकडे म्हणजे माझ्या उजवीकडे. हां. अगं... बस. बस. बस म्हणतोय ना.

पद्मजा : बसते कुठे? खुर्चीवर रुखवताचे लाडू आहेत आणि पलंगावर साड्या. बस म्हणायचं सुचलं तेवढं तरी नशीब.

नंदकुमार : बस म्हणजे पुरे. फिरवू नकोस. तू अजून ताणलंस.

पद्मजा : मग पुरे म्हणा. आमच्या साताऱ्याला बस म्हणजे खाली बस.

नंदकुमार : इतकी वर्षं मुंबईत राहून...

पद्मजा : इतकी वर्षं मुंबईत राहून मला कुणी मशीनला बांधून घेतलेला नवरा सोडवायला शिकवलेलं नाही. थांबा, हा खटकाच उचलून बघते.

नीला : आई, हात लावू नकोस. आधी हात मागे घे.

पद्मजा : आलीस का गं? दार उघडंच राहिलं वाटतं. बघ बाई तुझे वडील.

नीला : हात मागे घे म्हटलं ना. हां. आता ऐक. मला स्टेशनबाहेर अंबादास सर भेटले. म्हणाले, झकास नीला, लग्नानंतरपण प्रॅक्टिस सोडणार नाहीस, बाबा मशीन घेऊन गेले तुझ्यासाठी. मी म्हटलं, कुठलं मशीन? मग लक्षात आलं आणि तशीच पळत सुटले. बाबा, काय यार हे.

नंदकुमार : बापाला यार म्हणू नये.

नीला : मग बापाने खोटं बोलून मशीन आणू नये. आई, तू खटका नुसता उचलला असतास ना, तर हे हँडल गरकन उलटं फिरलं असतं. तुझं मनगट गेलं असतं, आणि बाबांचे पाय दांड्यांसकट धाडकन आत. आमच्या क्लासमध्ये एका मुलीचा अंगठा मोडलाय असा.

पद्मजा : अगं बाई. आणि ह्यांनी मला फिरव म्हणून सांगितलं.

नीला : ह्यांना माहीत होतं का काही? बाबा, ऐका. आता मी हँडल दोन्ही हातांनी धरणार. मग केसभर आणखी ताणणार...

नंदकुमार : आणखी? अजिबात नाही.

नीला : केसभर. त्याशिवाय खटका चाकाच्या दातातून सुटत नाही. त्याच्यावर सगळा जोर आलाय तुमच्या पायांचा.

नंदकुमार : केसभरसुद्धा शिल्लक नाही नीले. तुझ्या आईने सगळं वापरून टाकलं.

नीला : तुम्ही श्वास रोखून धरलाय म्हणून तसं वाटतं. सोडा श्वास. सगळा सोडा. अजून. आई, मी हो म्हटलं की खटका उचलायचा आणि तसाच धरून ठेवायचा. हँडल मी सोडणार नाहीये. हो. उचल. धरून ठेव. आता बघा, हळूहळू येतायत की नाही जवळ.

नंदकुमार : आई गं.

नीला : घाई नाही करायची. आले. पट्टे सोडते मी. आता लगेच उठू नका. मांडीखाली हात घाला आणि हातांनी पाय उचलून जवळ घ्या. एकेक. गुडघे जोडून नुसतं बसा जरा. आई, पाणी दे त्यांना. आणि तो रेडिओ बंद कर.

पद्मजा : पाणी देते. पण मला आधी कळू दे, पन्नाशी उलटलेल्या हेडक्लार्कला कराटे कशाला करायचंय.

नीला : कराटे जाऊ दे, आधी हे मांडलंय कसं ते बघ. मोझॅकच्या फरशीवर चटई, आणि चटईवर मशीन. म्हणजे घसरगुंडीच. खाली रबर पाहिजे, नाहीतर सरळ फरशीवर, भिंतीला टेकवून. ही मागची पिन अर्धीच आत गेलीय. सुटली असती तर पाठ मागे पडली असती आणि पाय इथेच राहिले असते. पट्टे गुडघ्याला बांधलेत, ते घोट्याच्या वर बांधायचे. आणि अंग गरम केलं होतं का आधी?

नंदकुमार : नाही. ताप वगैरे काही नाही मला.

नीला : बाबा, अंग गरम म्हणजे थोडं चालणं, उठाबशा, असं काहीतरी. थंड अंगाने मशीनवर बसायचंच नसतं.

नंदकुमार : मी जेवून बसलो होतो.

पद्मजा : जेवून. वा. दुपारची झोप लागली असती तर?

नंदकुमार : सरांनी एवढं सगळं सांगितलं नाही.

नीला : सर तुम्हाला कशाला सांगतील? त्यांना वाटलं मशीन माझ्यासाठी आहे. मी त्या मशीनवर वर्षभर बसलेय. खरं सांगा बाबा, कशासाठी आणलंत?

नंदकुमार : गुरुवारी पाटावर बसायचंय मला.

नीला : ह्यासाठी?

नंदकुमार : ह्यासाठी. मांडी घालून. शेवटपर्यंत. मला वाटलं रोज थोडं थोडं ताणत गेलो तर गुरुवारपर्यंत गुडघा खाली टेकेल.

पद्मजा : मला वाटलंच होतं. म्हणजे हे अजून साखरपुड्यालाच अडकलेत.

नंदकुमार : अडकणारच. तू विसरलीस म्हणून मी विसरावं असं काही नाही.

पद्मजा : मी विसरले? मी समोर उभी होते. स्कूटरवरून पडल्यापासून तुमचा डावा पाय दुमडत नाही, हे मला माहीत, तुम्हाला माहीत, हाडांच्या डॉक्टरांना माहीत. तरी भटजींनी पाट मांडल्याबरोबर तुम्ही मांडी घालायला गेलात आणि कलंडलात ते थेट व्याह्यांच्या अंगावर.

नंदकुमार : अंगावर नाही. पायावर. आणि तो त्यांचा बोरिवलीचा भाऊ सगळ्यांदेखत काय म्हणाला? मुलीचे वडील आत्ताच पायाशी आले, लग्नात काय करतील.

नीला : तो काका सगळ्यांचीच मस्करी करतो बाबा. त्यांच्या घरात कुणी त्याच्याकडे लक्ष देत नाही.

नंदकुमार : तुमच्या त्या घरात नसेल देत. माझ्या घरातली माणसं हसली. मी ऐकलं. दोघांनी काखेत हात घालून मला उचललं, आजारी माणसाला उचलतात तसं. गुरुवारी पुन्हा तीच सगळी माणसं समोर असणार आहेत. मी पाटावर बसणार आणि कुणाच्याही मदतीशिवाय उठणार. मला दुसरं काही नको.

नीला : भटजी तर म्हणाले होते खुर्ची चालेल.

नंदकुमार : भटजींना चालेल. व्याह्यांना खाली बसवून मुलीचा बाप खुर्चीवर, आणि तो बोरिवलीवाला बाजूला दात काढतोय. नको. नीले, आता तू आलीच आहेस तर मला नीट बसव ह्या मशीनवर. तू शिकवशील तसं करतो. चटई काढतो मी.

पद्मजा : पुन्हा? आत्ता सुटलात ना.

नीला : आई, थांब. नाहीतर मी ऑफिसला गेले की हे पुन्हा एकटेच बसतील. त्यापेक्षा माझ्यासमोर बसू दे. बाबा, आधी कपडे बदला, लेंगा घाला. मग गॅलरीत चकरा मारा, घाम येईपर्यंत.

पद्मजा : मारा चकरा. जयंतीवहिनींना बघायला काहीतरी हवंच. तोवर मी नारळ मोजते.

नीला : आई, तू एवढी चिडतेस कशाला? बिचारे करतायत काहीतरी.

पद्मजा : बिचारे म्हणे. अजून हळदकुंकवाच्या पुड्या बांधायच्यात, हॉलवाल्याला ताटांचं सांगायचंय, अकोल्याची मावशी उद्या सकाळी उतरतेय. आणि हे काय करतायत, तर ज्याची गरजच नाही त्याच्यासाठी स्वतःला मोडून घेतायत.

नीला : गरज नाही कशी?

पद्मजा : नाही ती नाही. तू ते रबराचं बघ.

नंदकुमार : झाल्या चकरा. घाम आलाय. हा बघ लेंगा. आता सांग.

नीला : बसा. पाठ मागे टेकवा, सरळ. पिन मी लावते, टक असा आवाज आला पाहिजे. आला? आता पट्टे, घोट्याच्या वर, बोट आत जाईल एवढे सैल. आणि हँडल तुमच्याच हातात.

नंदकुमार : माझ्या?

नीला : जो बसलाय त्याच्याच हातात हँडल. दुसऱ्याला काय कळणार तुम्हाला कुठे लागतंय? आणि कुणी मदतीला असेल तर बस म्हणायचं नाही, थांब म्हणायचं.

पद्मजा : हे मात्र लिहून लावा त्या मशीनवर.

नीला : फिरवा हळू. जांघेत ताण आला की थांबायचं. ताण वेगळा आणि दुखणं वेगळं. दुखायला लागलं म्हणजे पुढे गेलात. तिथे थांबून नुसता श्वास घ्यायचा. हिसके द्यायचे नाहीत, पुढे वाकायचं नाही. कसं वाटतंय?

नंदकुमार : बरं वाटतंय. खरंच बरं वाटतंय. आधी असं नव्हतं वाटलं. पद्मे, बघ, मघाच्यापेक्षा निम्मंसुद्धा नाही आणि तरी ताण कळतोय. आज इथवर, उद्या थोडं पुढे. गुरुवारी मी बसतो की नाही बघ.

पद्मजा : अहो, कशाला.

नंदकुमार : कशाला म्हणजे?

पद्मजा : काही नाही. जेवढं करायचं तेवढं करा आणि आवरा.

नीला : आई, मघाशीपण तू म्हणालीस गरज नाही. काय आहे ते एकदा सांगून टाक ना.

पद्मजा : सांगते. मी मुलुंडला जाऊन श्यामदादांना सांगून आलेय. कन्यादानाला ते बसतील. भटजींनाही कळवलंय.

नंदकुमार : कधी?

पद्मजा : पत्रिका द्यायला गेले तेव्हा.

नंदकुमार : म्हणजे महिना झाला. आणि मला न विचारता?

पद्मजा : विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?

नंदकुमार : दादाला. दादाला सांगून आलीस. लहानपणापासून तो सगळीकडे माझ्या पुढे. वडिलांच्या श्राद्धाला तो, घराच्या वास्तूला तो. मोठा आहे, ठीक आहे. पण माझ्या मुलीच्या लग्नातसुद्धा दादाच?

नीला : बाबा, हँडल थांबवा. तुम्ही बोलता बोलता फिरवताय.

नंदकुमार : फिरवणार. मी बसून दाखवतो. गुरुवार कशाला, आत्ताच दाखवतो.

नीला : बाबा, थांबा. थांब म्हटलं की थांबायचं असं आत्ताच ठरलंय ना आपलं.

नंदकुमार : तुझ्या आईने मला विचारून ठरवलं होतं का? मग मी कशाला... आई गं. कळ आली.

नीला : हात तिथेच ठेवा. हँडल सोडू नका. श्वास सोडा. आता केसभर पुढे, घाबरू नका, मी धरलंय. खटका उचलला मी. आणा मागे. हळू. तुम्हीच आणा. आले. कुठे दुखलं?

नंदकुमार : आतून. डावीकडे.

नीला : उठू नका. असेच बसा. काही तुटलं नाहीये, पण आज आता बंद. आणि बाबा, एक सांगते, रागावू नका. हे मशीन पाय फाकवतं. मांडी घालायला गुडघा दुमडावा लागतो. तो ह्याने दुमडत नाही. मला नुसते पाय उघडायला वर्ष लागलं, आणि माझा पाय कधी मोडलेला नव्हता.

नंदकुमार : हे आधी सांगायचंस.

नीला : तुम्ही एवढ्या खुशीत होता, मला सांगवलं नाही.

पद्मजा : शेक आणू का गरम पाण्याच्या पिशवीने?

नंदकुमार : काही नको मला तुझ्याकडून.

पद्मजा : बरं.

नंदकुमार : माझी लाज वाटली तुला, एवढंच सरळ सांग. पुन्हा पडेल म्हणून.

पद्मजा : लाज? त्या दिवशी तुम्ही रात्री जेवला नाहीत. पोट भरलंय म्हणालात. मग अंधारात गॅलरीत उभे राहिलात कितीतरी वेळ. मला झोप लागली असं तुम्हाला वाटलं. लाज नाही वाटली हो मला. तुमचं हसं झालेलं मला बघवलं नाही. पुन्हा बघवणार नाही, म्हणून गेले मुलुंडला. माझ्या तोंडाने सांगितलं दादांना, तुम्ही बसा. ते नको म्हणत होते.

नंदकुमार : दादा नको म्हणाला?

पद्मजा : म्हणाले, नंदूला काय वाटेल. मीच गळ घातली.

नीला : आई, मला एक कळत नाही. श्यामकाका बसणार म्हणजे शेजारी वनमालाकाकू बसणार ना? कन्यादानाला जोडपं लागतं.

पद्मजा : लागतंच.

नीला : मग पाण्याची धार कोण धरणार?

पद्मजा : वहिनी धरतील.

नीला : आणि तू?

पद्मजा : मी मागे उभी राहीन. अक्षता वाटायला, भटजींना हवं नको बघायला कुणीतरी लागतंच. मुलीच्या आईला कामं काय कमी असतात?

नंदकुमार : तू मागे उभी राहणार?

पद्मजा : मग काय मी वेगळा पाट मांडून बसू? तुम्ही नाही तर मी नाही, असंच असतं ते.

नंदकुमार : हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पद्मजा : कसं येईल? तुमच्या डोक्यात एकच, मी बसणार, मी उठणार, बोरिवलीवाल्याला दाखवणार. कन्यादान तुम्ही एकटेच करताय असं बोलत होतात आत्तापर्यंत. मला काही वाटत नसेल का? ही एवढीशी होती तेव्हापासून मी कुणाच्याही लग्नाला गेले की त्या बाईच्या हाताकडेच बघायचे. धार तुटू द्यायची नसते. बारीक, एकसारखी, मंत्र संपेपर्यंत. साखरपुड्याच्या आधी मोरीत उभं राहून धरून बघायचे तांब्या. हात कापतो का, मधे थांबते का. तुम्हाला वाटायचं मी न्हाणीघर धुतेय.

नीला : आई.

पद्मजा : रडू नको गं आता. साड्यांवर पडेल.

नीला : मला श्यामकाका आवडतात. काकूपण. पण माझा हात त्यांनी का द्यायचा? मी कुणाकडे बघू त्या वेळी? तुम्ही दोघं मागे उभे असणार आणि मला मान वळवता येणार नाही. बाबा पडले तर पडू देत. मी उचलेन. शालू नेसलेली असले तरी उचलेन.

नंदकुमार : पद्मे, हे तू मला आधी का नाही बोललीस?

पद्मजा : तुम्ही विचारलंत का? पाय कसा दुमडेल ते तुम्ही त्या सरांना विचारलंत. मला नाही विचारलंत.

नंदकुमार : नाही विचारलं. चुकलं माझं.

पद्मजा : राहू दे. आणते मी शेकायची पिशवी.

नंदकुमार : थांब जरा. दादाला मी स्वतः सांगतो, तू पुन्हा मुलुंडला जाऊ नकोस. त्याला बरंच वाटेल. आणि नीले, हे पट्टे सोड आणि मशीन देऊन ये बाई सरांना. सांग, मुलीच्या बापाला झेपलं नाही.

नीला : सांगते. आणि भटजींना काय सांगू? खालच्या वाण्याकडून फोन करते आत्ताच.

नंदकुमार : सांग, पाटावर बसता येत नाही वडिलांना. खुर्ची लागेल. हसू दे कोणाला हसायचंय ते.

नीला : एक खुर्ची ना?

पद्मजा : दोन सांग. मी खाली बसले तर माझी धार ह्यांच्या हातापर्यंत पोचायची नाही.